उखाण्यातली कंपनी

माझ्या आत एक बाई राहते. बर दुबईत एकेका फ्लॅटला प्लायवूडची पार्टिशनं टाकून चार-चार कुटुंबं राहतात, तशीच ती माझ्यात पार्टिशन टाकून राहते. भाडं देत नाही, स्वयंपाकघर मात्र सगळं तिच्याच ताब्यात. मी आरशात बघायच्या आधी ती बघते, मी चार माणसांत तोंड उघडलं की ती पलीकडून खोकते. कधीपासून राहायला आली ते सांगता येत नाही. माझा अंदाज असा की मी जन्मले तेव्हा नर्सच्या हातातून मला पहिल्यांदा तिनंच घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "बघू, कसं काय निभावतेय ही."

तिचं ऐकू येऊ नये म्हणून मी लहानपणापासून मोठ्यानं बोलते. मी खोटं बोलत नाही, हे आधीच सांगून ठेवते. थोडं फुगवते. आमच्या शाळेच्या मागे एकदा साप निघाला होता, तो माझ्या तोंडून घरी पोचेपर्यंत एसटीच्या लांबीचा झाला होता. दुबईला आल्यावर तर माझ्या या गुणाला वाळवंटाएवढं मैदान मिळालं. एका वादळात आमच्या बाल्कनीत वाळत घातलेली गोधडी उडाली ती थेट इराणात उतरली आणि तिकडच्या एका बाईनं ती धुऊन, घडी घालून परत पाठवली, असं मी एका डोहाळजेवणात सांगितलं होतं. दोघींनी विश्वास ठेवला. तिसरीनं साबण कुठला होता ते विचारलं.

पण माझं खरं राज्य होतं ते उखाण्यांत. मीना बाजारच्या मागच्या आमच्या गल्ल्यांत बारसं असो, मंगळागौर असो, संक्रांतीचं हळदीकुंकू असो, "नाव घे" म्हटलं की बायका माझ्याकडेच बघायच्या. ज्यांना सुचायचं नाही त्यांनाही मी आयत्या वेळी करून द्यायचे. तेजीच्या दिवसांत माझा एक उखाणा इतका चालला की शारजापर्यंत पोचला:

"बर दुबईच्या खाडीत अब्रा निघाली भरून,
अमुकराव टॉवर उभे करतात नुसत्या खुणेवरून."

अब्रा म्हणजे खाडी ओलांडणारी लाकडी होडी. नवऱ्याचं नाव इथे देत नाही, अमुकरावांवरच भागवा. तो एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनियर होता. खुणेवरून तो फार तर पंखा बंद करायला सांगायचा, पण उखाण्यात नवऱ्याला दोन मजले वर चढवायचे ही रीतच आहे. समोर बसलेल्या सगळ्या जणी तेच करत असतात, त्यामुळे कुणाचंच नुकसान होत नाही. निदान मंदी येईपर्यंत होत नव्हतं.

मंदी आली ती माझ्या हिशोबानं एका गुरुवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर. अर्थशास्त्रवाले वेगळं सांगतील. सकाळी फिरणाऱ्या क्रेन संध्याकाळी माना वाकड्या करून थांबलेल्या होत्या, त्या वर्षभर तशाच. अमुकराव टिकून राहिले तेवढे राहिले, आणि २००९च्या उन्हाळ्यात एक दिवस हातात खोका घेऊन घरी आले. खोक्यात कॉफीचा मग, मुलीनं काढलेलं एक चित्र आणि हेल्मेट. हेल्मेट कंपनीचं होतं, परत करायचं विसरला होता. तो बसला आणि म्हणाला, "खलास." त्याच्या तोंडून तो शब्द मी हजार वेळा ऐकला होता. तेव्हा मात्र मी एक अक्षर फुगवू शकले नाही.

आणि माझी नोकरी राहिली.

ही नोकरी म्हणजे सगळ्यांच्या मते माझा वेळ घालवायचा उद्योग. मीही इंजिनियर, पण मुलगी थोडी मोठी झाल्यावर जबल अलीतल्या एका कूलिंगच्या कंपनीत लागलेली. कुठल्या इमारतीच्या चिलरची देखभाल कधी, कुठली माणसं कुठे पाठवायची, याचं वेळापत्रक मी करायचे. नवे टॉवर बंद पडले तरी जुन्यांना गार हवा लागतच होती. बांधकाम थांबलं, उकाडा थांबला नाही, एवढ्याच कारणानं मी वाचले. म्हणजे असं पार्टिशनपलीकडची बाई म्हणायची. "तुझं कर्तृत्व शून्य," ती म्हणायची, "सूर्याचे आभार मान."

मग व्हिसा. तिकडे बायको नवऱ्याच्या व्हिसावर असते, उलटं क्वचित. मी इंजिनियर होते म्हणून ते जमलं. नोकरी गेल्यावर महिन्याभरात देश सोडावा लागतो, त्याऐवजी अमुकराव माझ्या व्हिसावर आले. अर्ज भरायला टायपिंग सेंटरला गेलो तेव्हा तिथल्या माणसानं विचारलं, "मॅडम, स्पॉन्सर कौन?" नवऱ्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. टायपिंगवाल्यानं टाइप करता करता थांबून पुन्हा विचारलं. नवरा हसून म्हणाला, "भाई, ये मॅडम ही है. लिखो." तो मजेत होता. मी कानापर्यंत लाल. असं वाटत होतं की मी त्याच्या खिशातून पाकीट काढलंय आणि तो मलाच धन्यवाद देतोय.

घरात त्याचं काही अडलं नाही. आठवड्यात भेंडी शिकला, महिन्यात पुरणपोळी. मुलीला बसपर्यंत सोडायचा, तिचा अभ्यास घ्यायचा, अर्ज पाठवायचा, मुलाखती द्यायचा, आणि रात्री घोरायचा. न घोरता जागी असायचे ती मी. मी पगार आणते म्हणून अपराधी, तो भाजी चिरतो म्हणून अपराधी, भाजी छान होते म्हणून तर फारच अपराधी. मैत्रिणींत मी त्याच्या नोकरीविषयी बोलायचंच टाळलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "त्याचं चाललंय मोठं काहीतरी." माझ्या हिशोबानं हे फुगवणंसुद्धा नव्हतं, त्या दिवसांत त्याच्या पोळ्या खरंच मोठ्या होत होत्या.

अशात पुढच्या वर्षीच्या संक्रांतीच्या आसपास, एका गुरुवारी, आमच्या लेबनीज बॉसनं मला केबिनमध्ये बोलावलं. वेळापत्रकाचा पूर्ण विभाग मी सांभाळावा, विभागप्रमुख म्हणून, असं त्याचं म्हणणं. उत्तर पुढच्या गुरुवारपर्यंत. "घरी विचार," तो म्हणाला, "इन्शाल्ला, येस."

घरी मी विचारलं नाही. सांगितलंसुद्धा नाही. कंपनीच्या बसमधून येतानाच माझं ठरलं होतं, नाही म्हणायचं. इतकी कमावती माणसं घरी बसलीत, माझाच नवरा घरी बसलाय, आणि मी वर चढू? पलीकडची बाई त्या दिवशी पार्टिशन ओलांडून माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली होती. "आहे त्या खुर्चीवरसुद्धा दुसऱ्या कुणाचा तरी हक्क आहे," ती म्हणाली. "मोठी खुर्ची कशाला मागतेस?" मी मागितली नव्हती. पण तिच्याशी वाद घालून कोण जिंकलंय.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टीचा. एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू. हलव्याचे दागिने, तिळगूळ, वाणाला प्लास्टिकचे डबे. बायका त्याच, पण गेल्या वर्षीच्या काही गायब, त्या भारतात परतल्या होत्या. ज्या होत्या त्यांच्यातही कुणाचे मिस्टर घरी, कुणाचे अर्ध्या पगारावर. विचारत कुणीच नव्हतं, सगळ्या एकमेकींच्या साड्यांची फार मनापासून चौकशी करत होत्या. आणि मग यजमानीण म्हणाली, "अगं, तू घे ना नाव. तुझ्याशिवाय मजा नाही."

मी उभी राहिले. कालची ती बढती माझ्या पोटात चोरीच्या मालासारखी बसलेली. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मला वाटलं त्या अमुकरावांची कीव करताहेत. त्याला वर उचलायला हवं होतं, लगेच, निदान माझ्या बढतीएवढं तरी. तोंड आपोआप चालू झालं:

"मंदीबिंदीला घाबरत नाही जो असतो कणखर,
अमुकरावांच्या नव्या कंपनीत भरती चालू भराभर."

टाळ्या पडल्या. इतक्या की खालच्या मजल्यावरच्या माणसानं छताला काठी मारली. यमक जमलं म्हणून मी खूश. सगळ्यांना कळलं असणार की हा उखाणा आहे, असंच मी धरून चालले होते. उखाण्यातलं काय कुणी पत्ता विचारून शोधायला जातं?

तशी एकजण निघाली. माझ्याच वयाची, मंदिरापलीकडच्या गल्लीत राहणारी, नाशिकची. तिच्या नवऱ्याची नोकरी गेल्याच आठवड्यात गेली होती हे मला ठाऊक नव्हतं, कारण मी साड्यांची चौकशी करत होते.

मंगळवारी संध्याकाळी मी कामावरून आले तर आमचं दार उघडं. दारात एक गृहस्थ, कडक इस्त्री, टाय, हातात फाइल. त्यांच्यासमोर आमची आठ वर्षांची मुलगी आणि तिच्यामागे अमुकराव, अंगाला एप्रन, हातात झारा.

"साहेब आहेत का?" गृहस्थांनी विचारलं.

"कोण साहेब?" नवरा म्हणाला.

मुलगी वर बघत म्हणाली, "बाबा, ही इज हिअर फॉर युवर कंपनी. व्हॉट कंपनी?"

मी जिन्याच्या कठड्याशी उभी होते. दोन पावलं पुढे टाकली असती तर सगळं आवरता आलं असतं. काहीतरी बोलले असते, साहेब लंडनला गेलेत, कंपनी आजच बुडाली, काहीही. आयुष्यभर ज्या तोंडावर जगले ते तोंड तेव्हा कुलूप लावून बसलं. नवऱ्यानं त्यांना आत घेतलं, बसवलं, चहा टाकला. मी पॅसेजमध्ये चपलांच्या रॅकपाशी आले आणि तिथेच थांबले. घर माझं, पण आत जायची हिंमत नाही.

गृहस्थ आपला अनुभव सांगत होते. अकाउंटंट, एकाच कंपनीत बरीच वर्षं. व्हिसा रद्द झालाय, महिना आहे हातात, मुलाची परीक्षा तोंडावर. हिनं हळदीकुंकवातून आल्या आल्या सांगितलं की तुमच्याकडे भरती चालू आहे. पगाराचं काही नाही, सर, तुम्ही ठरवाल ते.

नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "कंपनी नाही हो. मी पण घरीच आहे, उन्हाळ्यापासून. बायकोच्या व्हिसावर."

"पण भरती..."

"उखाणा होता तो."

"उखाणा," गृहस्थ म्हणाले. कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ते फार सभ्यपणे म्हणाले की चहा छान होता. नवऱ्यानं त्यांची फाइल ठेवून घेतली, ओळखीत दाखवतो म्हणाला. जाताना ते माझ्या शेजारून गेले. मला नमस्कार केला. त्या नमस्कारापेक्षा त्यांनी टायनं माझा गळा आवळला असता तरी चाललं असतं.

मी आत गेले. नवरा कढईपाशी. मी सुरुवात केली की तुझी कुणी कीव करू नये म्हणून, तुझं नाव खाली पडू नये म्हणून. त्यानं गॅस बारीक केला.

"माझ्या नावाला काय झालंय?" तो म्हणाला. "मी कुणाला लपवतोय का काही? दूधवाल्याला माहीत आहे, टायपिंगवाल्याला माहीत आहे. पगार तुझा, व्हिसा तुझा, आणि कंपनी तेवढी माझी?"

मी बढतीचंही सांगून टाकलं, आणि नाही म्हणणार असल्याचंही. त्याला रागावलेलं मी फार कमी पाहिलंय. "म्हणजे माझ्यावर उपकार," तो म्हणाला. "मला विचारायचंस तरी. मला ते उपकार नकोत." आणि झारा घेऊन पुन्हा भेंडीकडे वळला. भेंडी करपली होती. घरातली पहिली करपलेली भेंडी, आणि तीही माझ्यामुळे.

त्या रात्री पलीकडच्या बाईनं माझ्यावर खटला चालवला. वकील तीच, साक्षीदार तीच, जज्ज तीच. तिच्या मते त्या अकाउंटंटची नोकरी मीच घालवली होती. त्याचा मुलगा परीक्षेत नापास होणार तो माझ्यामुळे. पहाटेपर्यंत प्रकरण असं वाढलं की अमेरिकेतली बँक बुडाली त्यातही माझा हात निघाला. आणि तिथे मला काहीतरी ओळखीचं वाटलं. सापाला एसटीएवढा करायची ही पद्धत मी कुठेतरी पाहिली होती. ही बाई माझ्यापेक्षाही थापाडी आहे, हे इतकी वर्षं माझ्या कसं लक्षात आलं नाही? मी निदान ऐकणाऱ्याला हसवते. तिच्या थापा ऐकून आजवर एकदासुद्धा कुणी हसलेलं नाही.

पण थापा वजा केल्या तरी खाली काहीतरी उरत होतं, आणि ते खरं होतं. एक माणूस इस्त्री करून माझ्या दारात आला होता. म्हणून बुधवारी कामावरून आल्यावर मी घरी न जाता मंदिरापलीकडच्या गल्लीत गेले.

तिनं दार उघडलं, आत ये म्हणाली नाही. मी दारातच सांगितलं की माझं चुकलं, कंपनी नव्हती, तुझ्या मिस्टरांना उगाच खेप पडली.

"खेप?" ती म्हणाली. "अगं, शुक्रवारपासून आमच्या घरात सण होता. त्यांनी दाढी करायची सोडली होती, ती केली. मी आईला फोन करून सांगितलं, झालं काम म्हणून. आईनं तिकडे पेढे वाटले. आता तिला काय सांगू, उखाणा होता?"

ती बोलत होती आणि मी ऐकत होते. माझ्या बडबडीबद्दल बोलली, गोधडीबद्दल बोलली, गोधडीवर तिनंही विश्वास ठेवला होता, त्याचाही राग तिनं काढला. सगळं रास्त होतं. आणि विशेष म्हणजे आतली बाई गप्प होती. तिचं काम दुसरीच कुणी करत होती म्हणून असेल. मला एक नवल वाटलं: ही समोरची रागावत होती, पण हळूहळू तिचं बोलणं संपत आलं. संपलं. तिनं दम घेतला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "दारात काय उभी राहिलीस. चहा घेशील?" आतलीनं आजवर एकदाही चहाला विचारलेलं नाही.

चहा पिताना तिनं विचारलं की मग घर कसं चालतं तुमचं. मी सांगितलं, माझ्या पगारावर. आणि काय झालं कुणास ठाऊक, तिच्यापुढे बढतीचंही बोलून गेले. उद्या नाही म्हणणार आहे, म्हणाले, कारण एवढी माणसं बिनकामाची असताना मला नको वाटतं.

तिनं कप खाली ठेवला. "तू नाही म्हणालीस तर ती खुर्ची काय आमच्या ह्यांना मिळणार आहे?" ती म्हणाली. "ते अकाउंटंट आहेत. त्यांना पंख्याचं बटण सापडत नाही."

आतल्या खोलीतून गृहस्थांचा आवाज आला, "सापडतं हो."

ती हसली नाही. मीही नाही. पण आम्ही दोघींनी एकाच वेळी खाली बघितलं. निघताना तिनं मला कुंकू लावलं, नेहमीसारखं. माझ्या कपाळाला तिचं बोट जरा जोरात लागलं एवढंच.

त्यांचं पुढे जमलं नाही. त्यांची फाइल मी आमच्या कंपनीत, ओळखीच्या कंपन्यांत, बसमधल्या प्रत्येक माणसाच्या हातात दिली. अमुकराव स्वतःच्या मुलाखतींना त्यांचीही फाइल घेऊन जायचे. महिना संपत आला तेव्हा ते कुटुंब नाशिकला परतलं. विमानतळावर मी पोचवायला गेले होते. ती म्हणाली, फोन कर. मी करते. पण करण्याआधी दर वेळी हात थोडा थांबतो, आणि तो थांबावा असंच मला वाटतं. तेवढा अपराध माझ्या वाट्याचा, मापात बसणारा. बाकीचा त्या पलीकडच्या बाईनं पंप मारून फुगवलेला.

पण तो गुरुवार. सकाळी बसमध्ये माझ्याकडे नकाराचं भाषण तयार होतं. त्यात सासूबाईंचा गुडघा होता, मुलीची परीक्षा होती, माझी पाठ होती, आणि तिन्ही दुखण्यांना मी भरपूर हवा भरून ठेवली होती. भाषण इतकं उत्तम होतं की ऐकून बॉस रडला असता. केबिनमध्ये गेले. त्यानं फोन कानाला लावलेलाच होता, हातानं विचारलं, काय?

"येस," मी म्हणाले. मग आणखी काही बोलायला हवं असं वाटलं आणि तोंडातून आलं, "आय अ‍ॅम गुड अ‍ॅट धिस वर्क."

माझ्या आयुष्यातलं इतकं काटकसरीचं वाक्य मी पूर्वी बोलले नव्हते. ना यमक, ना हवा. बोलून झाल्यावर कानशिलं तापली, कुणीतरी हसेल म्हणून मी वाट बघत राहिले. बॉस हसला नाही. तो म्हणाला, "आय नो दॅट. यल्ला, स्टार्ट," आणि कानाचा फोन काढून माझ्या हातात दिला.

पलीकडे फुजैराच्या एका सुपरमार्केटचा मॅनेजर होता. त्याच्या कोल्डरूमचा कॉम्प्रेसर पहाटे बंद पडला होता आणि आत सुरमई होती. किती सुरमई ते तो सांगत होता, आणि तो नक्कीच फुगवून सांगत होता, मला लगेच कळलं. माझ्या आतही बोलणं सुरूच झालेलं होतं, आता बघ, आता पडशील तोंडावर. मी खुर्ची ओढली, बसले, आणि मॅनेजरला विचारलं की कोल्डरूमचं दार किती वेळा उघडलंय, आणि आता माणसं पोचेपर्यंत ते बंद ठेवेल का.